‘लवकर निघाला’ : एका शाळूसोबत्याला आठवताना घेतलेले निर्णय

नावं, ठिकाणं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. आम्ही चौघं शाळेच्या रिले संघात होतो, म्हणून इथे प्रत्येकाला धावण्याच्या क्रमाने ओळखू. पहिला आता डॉक्टर आहे. दुसरा व्यवसाय करतो. तिसरा मी. जो गेला, तो चौथा.

पार्श्वभूमी

चौथा शाळेतला सगळ्यात वेगवान मुलगा नव्हता. वेगवान दुसरा होता. तरी क्रीडाशिक्षकांनी शेवटचा टप्पा चौथ्यालाच दिला, कारण संघ मागे पडलेला असला तरी बॅटन घेताना त्याचा चेहरा बदलत नसे. तो उंच उडी मारायचा, फुटबॉल खेळायचा, आणि सराव संपल्यावर लहान वर्गातल्या मुलांना उडीसाठी पावलं मोजायला शिकवत बसायचा. घरी जायला उशीर होतो म्हणून काकू चिडायच्या.

नववीतल्या आंतरशालेय अंतिम शर्यतीचा प्रसंग इथे सांगायलाच हवा, पुढचं बरंचसं त्याच्याभोवती फिरतं. चार गुणिले शंभर मीटर रिलेत बॅटन घेणारा मागे पाहत नाही. मागून येणारा गडी जमिनीवरच्या खुणेशी पोचला की तो सुटतो, हाक ऐकू आली की हात मागे करतो, आणि हाताला बॅटन लागली की मूठ आवळतो. त्या काळी ही अदलाबदल २० मीटरच्या पट्ट्यात व्हावी लागे. २०१७ च्या शेवटी नियम बदलून तो पट्टा ३० मीटरचा झाला. आम्ही पहिल्या क्रमांकावर होतो. मी हाक दिली, त्याने हात मागे केला आणि बॅटन खाली पडली. ती उचलून शर्यत पूर्ण केली तेव्हा आम्ही शेवटचे होतो.

शिक्षक काही विचारायच्या आत चौथा म्हणाला, “सर, मी लवकर निघालो.”

तेव्हापासून वर्गाच्या प्रत्येक भेटीत हा विनोद झाला. “चौथा आला का?” “तो काय, लवकरच निघाला असेल!” तोही हसायचा.

शाळा सुटून २० वर्षं उलटल्यावर, वयाच्या ३७ व्या वर्षी, मित्रामित्रांच्या सामन्यात तो मैदानावर कोसळला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता, कोणाचा धक्का लागला नव्हता. पाय मुरगळला असेल असं वाटून दोघंतिघं हसलेसुद्धा. मग कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी उठवून बसवायला बघितलं. तो मधूनच घशातून घरघर काढत श्वास ओढल्यासारखं करत होता, म्हणून श्वास चालू आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं असे आचके येतात. तो श्वास नसतो. हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात झाली ती रुग्णवाहिका आल्यावर.

शवविच्छेदनाच्या अहवालात कारण आलं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जन्मजात दोषामुळे जाड होत जाते. साधारण पाचशेत एकाला ही अवस्था असते आणि त्यातले बरेच जण पूर्ण आयुष्य जगतात. काहींच्या हृदयाची लय मात्र अचानक, अनेकदा खेळताना, बिघडते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए २६ जून २००३ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, सामना चालू असताना कोसळला आणि गेला. त्याच्याही शवविच्छेदनात हेच कारण निघालं होतं.

मागे आई, पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ. आणि आम्ही, ४१ जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप.

अडचण

पहिल्या आठवड्यात ग्रुपवर फोटोंचा पूर आला. कोणी वहिनींना न विचारता मैदानावरचा शेवटचा फोटोही टाकला. दुसऱ्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली. एवढा धडधाकट माणूस असा कसा जाईल? व्यायामशाळेतली पावडर घेत असेल. झेपत नसताना खेळत असेल. हे बोलणारे वाईट नव्हते. आपण तसं काही करत नाही म्हणजे आपण सुरक्षित, एवढंच त्यांना स्वतःला पटवायचं होतं. पण ती कुजबुज काकूंपर्यंत पोचली.

त्याच सुमारास दुसऱ्याने जाहीर केलं की शाळेला त्याच्या नावाने मोठा फिरता चषक द्यायचा. पैसे भराभर जमू लागले. शोकसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या एका मित्राने डोळे पुसत पुसत तो जुना विनोद पुन्हा केला : “नववीत लवकर निघालास, आताही लवकरच निघालास.” सगळे रडत हसले. मी खाली बघत बसलो. कारण चौथा नववीत लवकर निघालाच नव्हता. खुणेवरूनच सुटला होता. त्याची मूठ आवळली जायच्या आत बॅटन मी सोडली होती.

हे मला आणि त्यालाच माहीत होतं. आता फक्त मला.

आणखी एक गोष्ट सगळ्यात गंभीर होती आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. हा आजार बहुतेक वेळा आनुवंशिक असतो आणि दोष असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. धाकटा भाऊ तेव्हा लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची तयारी करत होता.

कोणते पर्याय होते

आम्ही पाच जण एका घरी बसलो. आम्ही तिघं, वर्गातली एक मैत्रीण जी आता शिक्षिका आहे, आणि हिशेब ठेवणारा एक मित्र. बैठक चार तास चालली. त्यातले अडीच तास चषकावर गेले.

चषकाच्या बाजूने बोलण्यासारखं होतं. तो दिसतो, टिकतो, शाळेच्या कपाटात राहतो. शिक्षिका मैत्रिणीने विचारलं, “तो कोणाला द्यायचा? जिंकणाऱ्याला?” चौथ्याला आठवायला हा निकष योग्य आहे का, असं तिला म्हणायचं होतं. दुसरा भडकला. त्याचा आवाज विषयाच्या मानाने फार चढला होता, हे मला तेव्हाच जाणवलं; कारण खूप नंतर कळलं.

वार्षिक दौडीचा प्रस्ताव लगेच बाजूला पडला. धावताना काही होऊ शकतं हे आत्ताच पाहिलं असताना, तयारीशिवाय दोनशे माणसं पळवणं धोक्याचं होतं. शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी पैसे लागले असते, आणि तिसऱ्या वर्षानंतर आम्ही कितपत टिकू याबद्दल हिशेबवाल्याने फारच प्रामाणिक मत दिलं. शाळेतल्या सगळ्या खेळाडूंचा ईसीजी काढावा असंही कोणी सुचवलं. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची अशी तपासणी कायद्याने होते. पण सरावाने बळकट झालेलं हृदय आणि आजारी हृदय यांतला फरक ओळखायला जाणकार लागतो, आणि शंकास्पद अहवाल घेऊन घाबरलेल्या पालकांचं पुढे काय करायचं याची व्यवस्था आमच्याकडे नव्हती. ते सोडलं.

उरले दोन : आठवणींची वही आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचं, प्रशिक्षण. दोन्ही करायचं ठरलं आणि चषक ‘तूर्त नको’ म्हणून ठेवला. दुसरा उठून निघून गेला.

भावाला तपासणीबद्दल कोणी सांगायचं, हा विषय पहिल्याने शेवटी काढला. “त्यांना आत्ता हे कसं सांगायचं? महिनाभर जाऊ दे.” सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

काय केलं

आधी कुजबुज. वहिनींची परवानगी घेऊन पहिल्याने ग्रुपवर सहा ओळींचा मजकूर टाकला : कारण काय होतं, ते जन्मजात कसं असतं, त्याने काहीही घेतलं नव्हतं. त्यानंतर पावडरीचा विषय निघाला नाही. हे काम तिसऱ्या दिवशी व्हायला हवं होतं, झालं तिसऱ्या आठवड्यात.

मग वही. मी ग्रुपवर लिहिलं, “चौथ्याबद्दल तुमची आठवण पाठवा.” आठवड्याभरात बावीस उत्तरं आली. ती छापून वहिनींकडे नेली. त्यांनी चार पानं वाचली आणि विचारलं, “भावोजी, हे कोणाबद्दल आहे?”

टोमणा नव्हता तो, खरोखरच प्रश्न होता. हसतमुख, मनमिळाऊ, दिलदार, हरहुन्नरी, सर्वांचा लाडका. नाव बदललं असतं तर कोणत्याही गेलेल्या माणसाला चाललं असतं. बाविसातल्या एकोणीस जणांनी ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द वापरला होता, आणि ती कशी दिसली हे एकानेही लिहिलं नव्हतं.

वहिनींना मुलीसाठी काहीतरी हवं होतं. ती मोठी होईल तेव्हा बाबाचा आवाज तिच्या लक्षात राहणार नाही, पण बाबा काय करायचा हे तिला वाचता यावं. म्हणून आम्ही पुन्हा विचारलं, या वेळी नेमकं. विशेषण नको, एक प्रसंग हवा. शक्यतो तुम्ही दोघंच असतानाचा. त्याचा राग आला असेल तर तोही चालेल.

मग खरा माणूस दिसायला लागला. त्याने उसना घेतलेला कंपास दोन वर्षं परत केला नव्हता. हरल्यावर तो संध्याकाळभर कोणाशी बोलत नसे. आम्हाला वाटायचं त्याला काहीच लागत नाही. एका मैत्रिणीने लिहिलं की तिला शाळेत तोतरेपणावरून चिडवत, तेव्हा तो तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसायचा आणि वाचनाची पाळी आली की मुद्दाम पेन पाडून ते शोधत राहायचा, तिला दम घ्यायला मिळावा म्हणून. आणखी एकाचे बूट फाटले होते. चौथ्याने ‘मला लहान होतात’ म्हणून स्वतःचे दिले, आणि पुढचा महिना तो अनवाणी धावला. आम्हा सगळ्यांना ते त्याचं नवीन खूळ वाटलं होतं. हे प्रसंग वीस वर्षं वेगवेगळ्या माणसांकडे पडून होते.

माझं पान मी सगळ्यात शेवटी लिहिलं. तीन वेळा लिहून खोडलं. पहिल्या मसुद्यात ‘आमच्या अदलाबदलीत चूक झाली’ असं होतं. शिक्षिका मैत्रिणीने त्याखाली लाल शाईने लिहिलं, ‘कोणाची?’ शेवटी एवढंच ठेवलं : बॅटन मी सोडली, तो लवकर निघाला नव्हता, आणि मी वीस वर्षं गप्प बसलो.

सीपीआर प्रशिक्षणाची दोन सत्रं झाली, दुसरं शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी. प्रशिक्षकाने छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायला लावलं. दोन मिनिटांत आम्ही घामाघूम. एवढा जोर लागतो, हीच गोष्ट व्हिडिओ पाहून कळत नाही. उपचाराशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, असं त्याने सांगितलं. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी सामन्यात कोसळला, तेव्हा मैदानावरच छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळला, हे उदाहरणही त्याने दिलं. ते ऐकून, चौथा कोसळला तेव्हा मैदानावर असलेला एक मित्र उठून बाहेर गेला. असं उदाहरण द्यायच्या आधी समोर कोण बसलंय हे प्रशिक्षकाला सांगून ठेवणं आमचं काम होतं.

मधेच एक प्रकार घडला. चार-एक महिन्यांनी ग्रुपवर एका सकाळी ओळ उमटली, चौथ्याने ग्रुप सोडला. “कोणी काढलं त्याला?” म्हणून तासभर भांडण झालं. कोणीच काढलं नव्हतं. साधारण १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सॲपचं खातं आपोआप बंद होतं, आणि ग्रुपमध्ये ते माणूस निघून गेल्यासारखं दिसतं. त्याचा फोन वहिनींनी कपाटात ठेवला होता. आधी कळलं असतं तर त्यातल्या गप्पा आणि त्याच्या आवाजातले संदेश सहज काढून ठेवता आले असते. काही आमच्या फोनमध्ये होते, ते गोळा केले. अकरा निघाले. सगळ्यात मोठा चाळीस सेकंदांचा, त्यात तो पार्किंग मिळत नाही म्हणून वैतागलाय. मुलगी तोच पुन्हा पुन्हा ऐकते.

परिणाम

भावाला सांगायला महिनाभर थांबायचं ठरलं होतं, गेले तीन महिने. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त निघालं. शेवटी वहिनींनीच मुलीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी आई, भाऊ, मुलगी तिघांनाही ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. काकू आणि मुलगी यांचे अहवाल ठीक आले. मुलीची तपासणी आता दर एक-दोन वर्षांनी होत राहील, कारण ही जाडी वाढत्या वयात नंतरही दिसू लागते. भावाच्या हृदयाची भिंत १७ मिलिमीटर निघाली. पंधराच्या पुढे गेली, आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर सहसा हेच निदान करतात.

त्याने शर्यत सोडली. औषध चालू आहे, हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात तेवढं चालतो. त्या तीन महिन्यांत तो दर रविवारी शंभर किलोमीटर सायकल मारत होता. त्याला काही झालं नाही यात आमचा काहीही वाटा नाही.

वही वर्षश्राद्धाच्या आसपास काकूंच्या हाती दिली. २९ जणांचे प्रसंग. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. माझं पान वाचलं होतं.

“म्हणजे त्या दिवशी घरी येऊन मलाही खोटंच सांगितलं त्याने,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “अरे, मी त्याला वीस वर्षं चिडवत होते. घरातून निघाला की म्हणायचे, सावकाश जा, तुला लवकर निघायची खोड आहे.”

मला काही बोलता येईना. त्यांनी माफ केलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या अजून फोन करतात, पूर्वीपेक्षा जास्तच.

पुन्हा करायचं झालं तर

भावाची तपासणी पहिल्या पंधरवड्यात. यात चर्चेला जागा नाही. दुःखात असलेल्या घराला त्रास नको, हे कारण आम्हाला फार सोयीचं होतं; आपल्याला अवघड बोलावं लागू नये हे खरं कारण. सांगायची पद्धत सोपी होती. पहिल्याने स्वतः घाबरत जायची गरज नव्हती, त्याने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचारायचं आणि त्यासाठी एकच माणूस नेमायचा. वहिनींना पहिल्या दहा दिवसांत आमच्यातल्या चौदा जणांनी वेगवेगळा फोन करून ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं होतं. त्या कोणाला काय सांगणार?

वही मात्र मी पुन्हाही तशीच करीन, फक्त प्रश्न पहिल्या दिवसापासून नीट विचारीन.

चषकाबद्दल माझं मत बदललं नाही, दुसऱ्याबद्दलचं बदललं. वही छापायला जायच्या आदल्या रात्री तो माझ्याकडे आला. चौथा जाण्याच्या वर्षभर आधी ते दोघं पहाटे पळायला जायचे. एकदा चढावर चौथ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो काही क्षण बेशुद्ध पडला. उठल्यावर हसून म्हणाला, रिकाम्या पोटी आलो, घरी सांगू नकोस. दुसऱ्याने सांगितलं नाही. धावताना शुद्ध हरपणं ही तातडीने तपासून घ्यायची गोष्ट आहे, हे त्याला प्रशिक्षणाच्या दिवशी कळलं. बाकीच्यांनी ते कागदावर टिपून घेतलं, तो त्यानंतर जेवला नाही.

मी त्याला म्हटलं, लिही. प्रसंग हवा असं आपणच म्हणालो ना? तो म्हणाला, वहिनी वाचतील. मी त्याच्यासाठी एक पान ठेवायला सांगितलं.

दीड वर्ष झालं. वहीत तेविसाव्या पानानंतर एक पान कोरं आहे. गेल्या महिन्यात वहिनींनी त्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, छपाईतली चूक आहे.